हृदयाची लिपी टिपणारा : विलेम आइन्थोवेन

थोर पुरुषांची चरित्रे म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर घोड्यावर बसलेली किंवा व्यासपीठावर उभी असलेली माणसे येतात. मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ते गृहस्थ यांपैकी कशातच बसत नाहीत. हॉलंडमधील लायडेन या विद्यापीठाच्या गावी, एकाच प्रयोगशाळेत त्यांनी चाळीसहून अधिक वर्षे काढली. तरीही त्यांच्या हातचे काम आपल्या तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोचले आहे. छातीत दुखू लागलेल्या माणसाला दवाखान्यात नेले की डॉक्टर प्रथम जी पट्टी काढावयास सांगतात, तो ई.सी.जी. अर्थात कार्डिओग्राम, विलेम आइन्थोवेन यांची देणगी आहे.

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने शरीरशास्त्रज्ञाचे चरित्र का लिहावे, असे कोणी विचारील. कारण अगदी घरगुती आहे. माझी आई एका सरकारी रुग्णालयात आया आहे. तिचे शिक्षण चौथीपर्यंत झाले. स्त्री-रुग्णांची पट्टी काढावयाची असली की पडदा ओढून त्यांची तयारी करण्याचे काम तिच्याकडे असते. लाल चिमटा उजव्या हाताला, पिवळा डाव्या हाताला, हिरवा डाव्या पायाला आणि काळा उजव्या पायाला, हे तिला झोपेतही सांगता येईल. पण हात आणि पायच का, हे तिला कोणी सांगितले नव्हते. ते शोधण्यासाठी मी ग्रंथालयात गेले आणि मला हे गृहस्थ भेटले.

आइन्थोवेन यांचा जन्म २१ मे १८६० रोजी जावा बेटावरील सेमारांग या गावी झाला. आपल्यावर जसे इंग्रजांचे राज्य होते तसे तेथे डचांचे होते. वडील याकोब हे डॉक्टर. आधी लष्करात, मग त्या गावात. विलेम सहा वर्षांचे असताना वडील वारले. मागे राहिली आई आणि सहा मुले. १८७० मध्ये ही बाई सहाही मुलांना बरोबर घेऊन समुद्र ओलांडून हॉलंडला आली आणि उत्रेख्त या गावी तिने बिऱ्हाड केले. चरित्रकार तिला एखाददुसरे वाक्य देतात आणि पुढे जातात. मला मात्र तेथे बराच वेळ थांबावेसे वाटले. सहा लेकरे, नवरा नाही, आणि महिनोन्‌महिने नव्हे तरी कित्येक आठवड्यांचा जहाजाचा प्रवास!

१८७८ मध्ये विलेम उत्रेख्तच्या विद्यापीठात वैद्यक शिकू लागले. शिक्षणाचा खर्च झेपण्यासारखा नव्हता, म्हणून त्यांनी लष्कराची शिष्यवृत्ती घेतली. शिक्षण संपल्यावर वसाहतीतील सैन्यात डॉक्टर म्हणून नोकरी करावयाची, अशी तिची अट होती. आपल्यापैकी ज्यांनी फीमाफीचे अर्ज भरले आहेत त्यांना अशा अटींचे वजन निराळे सांगावयास नको.

हे गृहस्थ पुस्तकातला किडा मात्र नव्हते. व्यायाम आणि तलवारबाजीच्या विद्यार्थी मंडळाचे ते अध्यक्ष होते, आणि विद्यार्थ्यांचा नौकानयन संघ स्थापण्यातही त्यांचा हात होता. एकदा पडून त्यांचे मनगट मोडले. हात बांधून बसण्याची पाळी आली, तर त्या अवधीत कोपराचा सांधा कसा फिरतो याचाच त्यांनी अभ्यास केला आणि त्यावर निबंध लिहिला. १८८५ मध्ये रंगांच्या फरकामुळे वस्तू डोळ्यांना जवळ किंवा दूर का भासतात, या विषयावर त्यांनी डॉक्टरेट मिळविली. त्याच वर्षी लायडेनच्या विद्यापीठाने त्यांना शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक नेमले. वय अवघे पंचवीस! लष्कराची नोकरी टळली, पण शिष्यवृत्तीचे पैसे परत करावे लागले. १८८६ मध्ये मामेबहीण फ्रेडरिक हिच्याशी त्यांचा विवाह झाला. तीन मुली व एक मुलगा असा त्यांचा संसार होता.

आता मुख्य गोष्टीकडे वळते. हृदयाचा प्रत्येक ठोका पडण्यापूर्वी त्याच्या स्नायूंतून विजेची एक सूक्ष्म लहर धावते. आपल्या शरीरातील रस खारट असल्यामुळे तिचा अंश हातापायांपर्यंत पोचतो. पण तो अंश असतो केवढा? एका व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या आसपास. त्यात आणखी एक अडचण, ती म्हणजे कातडी. तिचा सर्वांत वरचा थर मृत आणि कोरडा असतो. तो विजेला सहजासहजी वाट देत नाही. म्हणजे आत लहर आहे, बाहेर यंत्र आहे आणि मध्ये दार बंद. हे दार उघडणे म्हणजेच रोग्याची तयारी करणे. हृदयाच्या विजेचा इतिहास वाचताना मला असे दिसले की यंत्राइतकाच हा कातडीचा प्रश्न त्या मंडळींना सतावत होता.

माणसाचे शरीर न उघडता, बाहेरून हृदयाची वीज प्रथम टिपली ती आइन्थोवेन यांनी नव्हे. तो मान लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील ऑगस्टस वॉलर यांचा. साल १८८७. ज्याच्या हृदयाची ती नोंद होती तो माणूस त्यांच्याच प्रयोगशाळेतला मदतनीस, टॉमस गॉसवेल. वॉलर यांच्याकडे जिमी नावाचा एक बुलडॉगही होता. त्याचे पंजे मिठाच्या पाण्याच्या भांड्यात ठेवून ते लोकांना प्रयोग दाखवीत. पुढे १९०९ मध्ये या कुत्र्याला यातना होतात की काय, असा प्रश्न थेट ब्रिटिश पार्लमेंटात विचारला गेला. यातना कसल्या? पाणी खारट होते, एवढेच.

१८८९ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे शरीरक्रियाशास्त्रज्ञांचे पहिले आंतरराष्ट्रीय संमेलन भरले. तेथे वॉलर यांनी आपला प्रयोग दाखविला आणि पाहणाऱ्यांत आइन्थोवेन होते. वॉलर यांचे साधन म्हणजे केसासारख्या बारीक छिद्राच्या काचनळीतला पारा. वीज आली की पारा किंचित हले आणि त्याची सावली छायाचित्रावर उतरे. पण पारा जड आणि आळशी. लहर येऊन गेल्यावर तो सावकाश हलणार! लायडेनच्या प्रयोगशाळेबाहेर दगडी फरसबंदीचा रस्ता होता. त्यावरून घोडागाडी गेली की पाराही थरथरे. त्यावर उपाय म्हणून आइन्थोवेन यांनी जमीन खणून खाली मोठमोठे दगड भरविले, तरी थरथर गेली नाही, असे सांगतात.

मग त्यांनी गणिताचा आधार घेतला. पारा किती मागे पडतो याचा हिशेब मांडून, खरी लहर कशी असली पाहिजे याची आकृती त्यांनी कागदावर काढली. पाऱ्याने दाखविलेल्या उंचवट्यांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे होती. गणिताने आलेल्या नव्या आकृतीला १८९५ मध्ये त्यांनी पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे दिली. आज जगातील कोणत्याही डॉक्टरला पट्टी दाखवा, तो याच पाच अक्षरांत बोलेल. मला या ठिकाणी त्यांचा विशेष आदर वाटतो. यंत्र चुकते आहे हे ठाऊक असताना, सत्य कसे दिसावे हे त्यांनी आधी ठरविले, आणि मग तसे दाखविणारे यंत्र तयार करण्यासाठी पुढील कित्येक वर्षे वेचली.

ते यंत्र म्हणजे तंतूचा गॅल्व्हनोमीटर. त्याचे वर्णन त्यांनी १९०१ मध्ये प्रसिद्ध केले, पुढच्या वर्षी त्यावर काढलेला माणसाचा आलेख आणि १९०३ मध्ये सविस्तर निबंध. कल्पना ऐकायला सोपी आहे. प्रचंड विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये एक बारीक तंतू ताणून ठेवावयाचा. त्यातून वीज गेली की तो बाजूला सरकतो. समुद्राखालच्या तारायंत्रासाठी क्लेमां आदेर या फ्रेंच माणसाने असे साधन आधी केले होते, हे येथे सांगितलेच पाहिजे. पण हृदयाची वीज पकडण्याइतके ते तरल नव्हते. आइन्थोवेन यांना हवा होता माणसाच्या केसाच्या जाडीचा वीस-पंचविसावा हिस्सा भरेल असा तंतू. तो कसा मिळवावा? यासाठी बॉइज या इंग्रज शास्त्रज्ञाची युक्ती कामी आली. काचेसारखा क्वार्ट्झ खनिज वितळवून बाणाला चिकटवावयाचा आणि धनुष्याने बाण सोडावयाचा. बाण उडत जातो, मागे क्वार्ट्झचा धागा लांबत जातो. हा धागा डोळ्यांना दिसणे कठीण. त्यावर चांदीचा पातळ थर द्यावयाचा, म्हणजे त्यातून वीज वाहते.

एवढ्याशा धाग्यासाठी भोवतालचा पसारा मात्र दोन खोल्यांचा. यंत्राचे वजन सुमारे २७० किलो. चुंबक तापू नये म्हणून पाण्याची सोय करावी लागे आणि ते चालविण्यास पाच माणसे लागत. प्रखर दिव्याच्या झोतात धाग्याची सावली सुमारे सहाशे पट मोठी करून सरकत्या छायाचित्र-काचेवर पाडीत. त्या काचेचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर, आणि विजेचे माप एका मिलिव्होल्टला एक सेंटिमीटर. रुग्णालयातील गुलाबी चौकटींचा कागद मी मुद्दाम पट्टी लावून मोजला. लहान चौकट एक मिलिमीटरची, म्हणजे आडवी ०.०४ सेकंद आणि उभी ०.१ मिलिव्होल्ट. सव्वाशे वर्षांपूर्वीचे माप आजही तसेच आहे.

आणि रोगी? त्याला खुर्चीवर बसवीत. दोन्ही हात कोपरापर्यंत मिठाच्या पाण्याने भरलेल्या दोन भांड्यांत आणि डावा पाय तिसऱ्या बादलीत. कातडीचे दार उघडण्याचा त्यांचा उपाय असा होता. चिमटाएवढ्या जागेऐवजी सगळा हातच ओला केला की विजेला वाट मोठी मिळते. ते छायाचित्र मी पुस्तकात पाहिले तेव्हा मला प्रथम हसू आले. चांगला कोट घातलेले गृहस्थ बाह्या सारून बादल्यांत हात घालून बसले आहेत! नंतर लक्षात आले की आईचे लाल, पिवळे, हिरवे चिमटे त्याच तीन बादल्यांच्या जागी लागतात. उजवा हात, डावा हात, डावा पाय. चौथ्या काळ्या चिमट्याला बादली नव्हती. तो यंत्र स्थिर राहावे म्हणून नंतर आला.

दोन हात आणि एक पाय हेच तीन बिंदू का, याचेही उत्तर आहे. या तीन टोकांचा त्यांनी एक त्रिकोण कल्पिला, मध्ये हृदय. दोन हातांमधली वीज ही पहिली नोंद, उजवा हात व डावा पाय यांमधली दुसरी, डावा हात व डावा पाय यांमधली तिसरी. पहिली आणि तिसरी यांची बेरीज दुसरीइतकी येते. म्हणजे एकच ठोका तीन बाजूंनी पाहावयाचा, जसा डोंगर तीन गावांतून निराळा दिसतो. डाव्या-उजव्या हाताचे चिमटे अदलाबदल झाले तर पहिली नोंद उलटी उमटते. म्हणून आई रंगांच्या बाबतीत इतकी दक्ष असते.

चिमटे लावण्याआधीच्या कामाविषयी थोडे लिहिते, कारण पुस्तकांत त्याला जागा थोडी आणि आमच्या घरी त्याची चर्चा पुष्कळ. छातीत कळ आली की आपल्याकडे घरची माणसे आधी गरम तेल चोळतात. तशीच तेलकट छाती घेऊन रोगी येतो. तेलावर काहीच नीट टेकत नाही, म्हणून ते पुसून काढावे लागते. घाम टिपावयाचा. पुरुषांच्या छातीवर दाट केस असतील तर तेवढी जागा वस्तऱ्याने साफ करावयाची. मनगट आणि घोटा स्पिरिटच्या बोळ्याने पुसून, किंचित घासून, वर जेली लावावयाची. जेली म्हणजे आइन्थोवेन यांच्या बादलीतले खारे पाणीच, बोटभर जागेपुरते घट्ट केलेले. रोगी थंडीने कुडकुडत असेल तर अंगावर चादर घालावी लागते. हातापायाचे स्नायू ताठले किंवा थरथरले तर त्यांचीही वीज यंत्र टिपते आणि पट्टीवर काटेरी कुंपण उमटते. हृदयाचे अक्षर त्यात बुडून जाते.

पण सर्वांत मोठी तयारी मनाची. तारा दिसल्या की खेड्यातून आलेल्या बाया घाबरतात. शॉक बसेल असे त्यांना वाटते. एका आजीबाईंनी तर खाटेवरून उठून बाहेर जाण्याचाच हट्ट धरला होता. आई त्यांच्या उशाशी बसली आणि तिने समजावले की हे यंत्र काही देत नाही, तुमच्याच अंगातले ऐकते. आजींनी पदर सोडला, चोळीची गाठ सैल केली, आणि आईचा हात धरून डोळे मिटले. आइन्थोवेन यांच्या यंत्राचे मर्म हेच आहे, आणि ते मला प्रथम कळले ते विश्वकोशातून नव्हे.

एवढे अवजड यंत्र रुग्णालयात नेणे शक्य नव्हते, आणि गंभीर रोग्याला प्रयोगशाळेत आणणेही योग्य नव्हते. त्यावर आइन्थोवेन यांनी १९०५ मध्ये तोड काढली. लायडेनचे रुग्णालय प्रयोगशाळेपासून सुमारे दीड किलोमीटर दूर. त्यांनी मधल्या टेलिफोनच्या तारेचा उपयोग केला. रोगी तेथे बादल्यांत हात घालून बसे आणि त्याच्या हृदयाची रेघ इकडे उमटे. पुढच्याच वर्षी त्यांनी अशा निरनिराळ्या रोग्यांचे आलेख प्रसिद्ध केले. निरोगी हृदय कसे लिहिते आणि आजारी हृदय कसे, हे वैद्यांना प्रथमच शेजारी-शेजारी ठेवून पाहता आले. आज खेड्यातील केंद्रातून पट्टीचे छायाचित्र मोबाइलवर शहरातील डॉक्टरकडे जाते, तेव्हा ही जुनी तार आठवते.

पुढचा प्रसार झपाट्याने झाला. चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव होरेस डार्विन यांच्या केंब्रिजच्या कंपनीने हे यंत्र बनविण्यास घेतले आणि १९०८ मध्ये पहिले यंत्र एडिंबरोच्या प्राध्यापक शेफर यांना विकले. लंडनचे टॉमस लुईस यांनी ते रुग्णांच्या खाटेशी नेले. नाडी अगदी वेडीवाकडी चालते त्या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरत असतात, हे त्यांनी १९०९ मध्ये आलेखावरून दाखवून दिले. गंमत अशी की, ज्यांनी सुरुवात केली त्या वॉलर यांना या गोष्टीचा रुग्णालयात फारसा उपयोग होईल असे बरीच वर्षे वाटत नव्हते. छातीवर सहा ठिकाणी लावावयाचे फुगे आइन्थोवेन यांच्या हयातीनंतर आले. त्यांच्या जागा १९३८ मध्ये अमेरिका व ब्रिटनमधील हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून ठरविल्या. पहिले दोन छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या-डाव्या कडेला, चौथ्या बरगडीखालच्या फटीत, आणि बाकीचे तेथून डाव्या काखेकडे वळत जाणारे.

१९२४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक आइन्थोवेन यांना जाहीर झाले तेव्हा ते अमेरिकेत व्याख्याने देत होते. पुढच्या वर्षी डिसेंबरात स्टॉकहोमला त्यांनी भाषण केले, त्यात लुईस यांच्या कामाचा मोकळ्या मनाने गौरव केला. २९ सप्टेंबर १९२७ रोजी लायडेन येथे त्यांचे निधन झाले. जवळच्याच उख्स्तखेस्त गावातील जुन्या चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले.

पारितोषिकाच्या पैशांची एक हकीकत सांगावयाची राहिली. ती त्यांच्याविषयी लिहिणारे सांगत आले आहेत. तंतूचे यंत्र उभे करताना प्रयोगशाळेतील एका कसबी मदतनिसाने त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षे काम केले होते. स्टॉकहोमहून रक्कम मिळाल्यावर तिचा अर्धा वाटा त्याला द्यावा, असे आइन्थोवेन यांच्या मनात आले. चौकशी केली तर तो आधीच वारला होता. त्याच्या मागे दोन बहिणी हलाखीत दिवस काढीत होत्या. आइन्थोवेन त्यांना शोधीत गेले आणि अर्धी रक्कम त्यांच्या हाती दिली. त्या मदतनिसाचे नाव वान दर वूर्ट. यंत्राच्या चित्राखाली ते कोठे छापलेले नसते, म्हणून येथे लिहून ठेवते.